मांजराची नखं आणि माणसाचा धीर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांच्या सभेतला प्रश्न अजून सुटलेला नाही. मांजर पाळणाऱ्या घरात त्याच प्रश्नाचं एक धाकटं भावंड असतं : मांजराची नखं कोणी कापायची? आई बाबांकडे बघते, बाबा मुलांकडे बघतात, मुलं आपल्या हातावरचे जुने ओरखडे दाखवतात. शेवटी सगळे मिळून मांजराला टोपलीत कोंबतात आणि माझ्या दवाखान्यात घेऊन येतात.

मी पशुवैद्यक आहे. नखं कापण्याचं काम माझ्या टेबलावर पाच मिनिटांत होतं. पण त्या पाच मिनिटांसाठी मांजराला रिक्षाचे धक्के, बाहेर भुंकणारी कुत्री, औषधांचा वास असं सगळं सोसावं लागतं. खरं तर हे काम घरच्या घरी, खिडकीजवळच्या उजेडात बसून करता येण्यासारखं आहे. ते कसं करायचं, कोणत्या मांजराचं करायचं आणि कोणाचं अजिबात करायचं नाही, एवढंच आज सांगणार आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एक आजी-आजोबा त्यांची चौदा वर्षांची मनी घेऊन आले. मनी महिनाभर लंगडत होती. आजी म्हणाल्या, “वय झालंय हो डॉक्टर तिचं. माझेही गुडघे दुखतात, तिचेही दुखत असतील.” मी पुढचा पंजा हातात घेतला. आतल्या बाजूला, जमिनीला न टेकणाऱ्या बोटाचं नख गोल वळत वळत थेट त्या बोटाच्या मऊ गादीत शिरलं होतं. आत पू झाला होता. नख कापलं, रुतलेला तुकडा काढला, जखम धुतली, औषध दिलं. चार दिवसांनी मनी व्यवस्थित चालू लागली. आजींना बरं वाटलंच, पण त्या म्हणाल्या ते माझ्या लक्षात राहिलं, “म्हणजे महिनाभर तिला काटा रुतला होता, आणि मी तिला म्हातारी म्हणत बसले होते.”

त्या घरात मायेची कमतरता नव्हती. दूध, मासे, मऊ गादी सगळं वेळच्या वेळी होतं. पंजा उचलून बघायचा, एवढंच कोणाला सुचलं नव्हतं. त्यामुळे नखं कापणं हा काही मांजराला नटवण्याचा प्रकार नाही. म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत तर ते औषधपाण्याइतकंच गरजेचं आहे.

आता हे नख असतं कसं ते बघू. मांजराला साधारणपणे अठरा नखं असतात. पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार. काही मांजरांना जन्मतःच जास्त बोटं असतात, त्यांची गोष्ट वेगळी. मांजर स्वस्थ असतं तेव्हा ही नखं बोटांत मागे ओढलेली असतात. म्हणून तर ते चालताना आवाज होत नाही आणि आपल्या भाषेला ‘मांजरपावलांनी येणं’ मिळालं. झाडावर चढताना किंवा शिकार पकडताना स्नायुबंध ताणले जातात आणि नखं बाहेर येतात. वाघाचीही रचना हीच. मांजराला वाघाची मावशी उगाच नाही म्हणत.

नख आतून पोकळ नसतं. त्याच्या मुळाशी, साधारण अर्ध्या भागापर्यंत, रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. त्याला आपण नखाचा जिवंत भाग म्हणू. उजेडात धरलं तर तो गुलाबी त्रिकोणासारखा दिसतो. त्याच्या पुढचा, टोकाकडचा भाग पांढुरका, अर्धपारदर्शक आणि निर्जीव असतो. तो कापला तर मांजराला काही कळतही नाही. पण गुलाबी भागाला कात्री लागली तर रक्त येतं आणि कळ थेट मस्तकात जाते. आपलं नख मुळापासून उखडलं तर काय होईल, ते आठवा.

नखावर कांद्याच्या पातीसारखे थर असतात. वरचा जुना थर सुटला की आतलं नवं, अणकुचीदार नख वर येतं. मांजर सोफा ओरबाडतं तेव्हा तो थर निघून जातो. सोफ्याच्या पायाशी चंद्रकोरीसारखी टरफलं सापडतात, ती हीच. ती बघून ‘नख तुटलं’ म्हणून घाबरलेले लोक मला फोन करतात. घाबरू नका, तो जुना अंगरखा आहे. ओरबाडताना मांजर अंगही ताणून घेतं, आणि पंजांतल्या ग्रंथींचा वास तिथे ठेवून ‘ही जागा माझी’ असंही जाहीर करतं. ही त्याची मस्ती नाही, गरज आहे. त्याबद्दल मारलं तर मांजर ओरबाडणं सोडत नाही, तुमच्यासमोर ओरबाडणं सोडतं.

मग नखं कापायची कोणाची? फ्लॅटमध्ये राहणारं, बाहेर न जाणारं मांजर असेल तर कापावीत. त्याची नखं झाडावर, दगडावर झिजत नाहीत. ती मच्छरदाणीत अडकतात, खिडकीच्या जाळीत अडकतात, स्वेटरमध्ये अडकतात. अडकलेलं मांजर घाबरून झटका देतं आणि नख मुळातून फाटतं. म्हातारं मांजर असेल तर हमखास कापावीत, कारण सांधे आखडल्यामुळे ते फारसं ओरबाडत नाही. थर सुटत नाहीत, नख जाड होतं, वळतं आणि मनीसारखं रुततं.

याउलट, तुमचं मांजर दिवसभर गावभर हिंडत असेल, वाड्यात, वाडीत, शेतावर राहत असेल, तर त्याची नखं कापू नका. कुत्रं मागे लागलं तर झाडावर चढायला त्याच्याजवळ तेवढंच साधन आहे. अशा मांजराचेही पंजे अधूनमधून बघा, पण कात्री लावायची ती एखादं नख वळून रुतायला लागलं असेल तरच.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पहिली गोष्ट म्हणजे, पहिल्या दिवशी नखं कापायचीच नाहीत. हे ऐकून लोक हसतात. पण मांजराला पंजा धरलेला मुळीच आवडत नाही, आणि तो आवडून घ्यायला शिकवावं लागतं. मांजर जेवून, अंग चाटून तुमच्याजवळ लवंडलं की हलक्या हाताने पंजावर बोट फिरवा. लगेच एक आवडीचा घास द्या, उकडलेल्या कोंबडीचा किंवा बिनमिठाच्या माशाचा नखाएवढा तुकडा. दोन-तीन दिवस एवढंच. मग पंजा हातात घ्या आणि घास द्या. मग बोट हलकेच दाबून नख बाहेर काढा, सोडून द्या आणि घास द्या. मग कात्री शेजारी ठेवा, तिचा ‘कट्’ असा आवाज ऐकवा. कच्ची शेवई कापली तर आवाज अगदी नखासारखा येतो. पुन्हा घास. या सगळ्याला आठवडा लागो नाहीतर तीन आठवडे लागोत. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लापासून सुरुवात केली तर ते खेळ समजून शिकतं. मोठ्या मांजराला वेळ लागतो, पण बहुतेक शिकतात.

हत्यार कोणतं? मांजराच्या नखांसाठी मिळणारी छोटी कात्री सगळ्यात बरी. तिच्या पात्यांना टोकाशी अर्धगोल खाच असते, त्यात नख बरोबर बसतं. प्राण्यांच्या वस्तू मिळणाऱ्या दुकानात ती मिळते. धार मात्र चांगली हवी. बोथट पात्यात नख कापलं जात नाही, चिरडतं आणि उभं फाटतं. घरातली भाजी-कापडाची कात्री वापरू नका.

जागा खिडकीजवळची, भरपूर उजेडाची. वेळ शांत. कुकरच्या शिट्ट्या, दूरदर्शनचा आवाज, मुलांची पळापळ नको. मांजराला मांडीवर घ्या, त्याचं तोंड तुमच्या विरुद्ध दिशेला, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली. ते झोपेत असेल तर जिथे आहे तिथेच करा, उचलूही नका. एकाने घास भरवायचा आणि दुसऱ्याने कापायचं, अशी जोडी जमली तर उत्तम.

पंजा हातात घ्या, आवळू नका. अंगठा बोटाच्या वर, तर्जनी खालच्या गादीवर. हलकं दाबलं की नख बाहेर येतं. आता थांबा आणि बघा. गुलाबी भाग कुठे संपतो? त्याच्या पुढे किमान दोन मिलिमीटर जागा सोडा आणि फक्त टोकाचा आकडा कापा. नख काळपट असेल, गुलाबी भाग दिसत नसेल, तर शेजारून बॅटरीचा प्रकाश पाडा. तरीही दिसला नाही तर केवळ अणकुचीदार टोक उडवा. कमी कापलं तर काही बिघडत नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा कापता येतं. जास्त कापलं तर ते परत जोडता येत नाही. कात्री अशी धरा की नख वरून खाली कापलं जाईल, आडव्या बाजूने दाबलं जाणार नाही. एका झटक्यात कापा, करवतीसारखं घासत बसू नका.

अंगठ्याचं नख विसरू नका. आतल्या बाजूला, थोडं वर असतं, केसांत लपतं. जमिनीला टेकत नसल्यामुळे ते झिजत नाही, आणि बहुतेक वेळा रुततं तेही हेच. मागच्या पायांची नखं सहसा बोथट असतात, ती दर वेळी कापावी लागतीलच असं नाही. बघायची मात्र दर वेळी.

आणि एका बैठकीत अठराच्या अठरा नखं कापायचा हट्ट धरू नका. दोन झाली, पुरे. उद्या दोन. आठवड्यात पुढचे दोन्ही पंजे होतात. घरातल्या मांजराला साधारण दोन ते चार आठवड्यांनी हे काम करावं लागतं. दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब लिहितो, त्याच्याशेजारी एक खूण करून ठेवा.

कुठे थांबायचं, हे मांजर सांगतं. शेपटी आपटायला लागली, कान मागे गेले, पाठीची कातडी थरथरली, गुरगुर आली की कात्री खाली ठेवा. त्याला जाऊ द्या. ‘आता एकच राहिलंय’ म्हणून जे एक नख लोक कापायला जातात, त्यातच चावा बसतो. चार जणांनी चार पाय धरणं, मानगूट पकडून दाबून ठेवणं, हे करू नका. फार तर टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून एकेक पंजा बाहेर काढा. पण टॉवेल बघताच ते पळू लागलं तर तोही सोडून द्या.

हे मी अनुभवातून सांगतोय. शिकून नुकताच बाहेर पडलो होतो, तेव्हा आमच्या घरच्या बोक्याची नखं मी घाईघाईत कापली. हातात पदवी होती, धीर नव्हता. तिसऱ्याच नखाला रक्त आलं. जखम दुसऱ्या दिवशी दिसेनाशी झाली, पण पुढचे सहा महिने तो मला पंजाला हात लावू देत नव्हता. आईच्या मांडीवर मात्र खुशाल पसरायचा. नख भरून यायला काही दिवस पुरतात, विश्वास भरून यायला पुरत नाहीत.

तरीही कधी चूक झालीच, रक्त आलंच, तर घाबरून ओरडू नका. स्वच्छ कापूस किंवा सुती कापड नखाच्या टोकावर दोन-तीन मिनिटं दाबून धरा. मधेमधे उचलून बघू नका. चिमूटभर कॉर्नफ्लॉवर नखाच्या टोकाला दाबलं तरी रक्त धरतं. रक्त थोडं असतं, पांढऱ्या चादरीवर जास्त वाटतं. पंधरा-वीस मिनिटांत थांबलं नाही, किंवा नख मुळापासून फाटलं असेल, तर डॉक्टरांकडे न्या. जखमेवर फिनेल किंवा घरातलं जंतुनाशक ओतू नका, कारण मांजर पंजा चाटतं आणि त्यातले काही पदार्थ त्याला विषासारखे असतात. आणि दुखत असेल म्हणून माणसाची ताप-अंगदुखीची गोळी तर कधीही देऊ नका. आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. मांजराच्या शरीराला ती पचवून बाहेर टाकता येत नाही.

माणसाला ओरखडा आला तर? आपल्या देशात रेबीज आहे आणि तो मांजराकडूनही होऊ शकतो. ओरखडा किंवा चावा असेल तर ती जागा लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. इंजेक्शन घ्यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. ‘घरचंच मांजर आहे’ म्हणून अंगावर काढू नका. चुना, हळद, तिखट भरू नका. मांजराला रेबीजची लस वेळेवर द्या, पिसवा होऊ देऊ नका. पिसवांमुळे मांजराच्या नखांत येणाऱ्या जंतूंपासूनही माणसाला ताप आणि गाठी येतात. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांनी नखं कापायचं काम दुसऱ्यावर सोपवावं.

आता एका अवघड मागणीबद्दल बोलायला हवं. एक तरुण जोडपं आलं होतं. घरात तान्हं बाळ, आणि सासूबाईंनी निक्षून सांगितलेलं, की मांजर तरी जाईल नाहीतर त्याची नखं तरी. त्या दोघांनी विचारलं, “डॉक्टर, ऑपरेशन करून नखं कायमची काढून टाकता येतात ना?” त्यांना वाटत होतं, ते दात काढण्यासारखं काहीतरी असेल. मी त्यांना त्यांचाच हात पुढे करायला सांगितला आणि बोटाच्या शेवटच्या पेरावर खूण केली. मांजराचं नख त्या शेवटच्या हाडालाच उगवतं. नख कायमचं काढायचं म्हणजे प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर तोडायचं. त्यानंतर कित्येक मांजरांना चालताना दुखत राहतं, मातीत पाय रुतवणं नकोसं होऊन ती घरात भलतीकडे घाण करू लागतात, आणि नखं नाहीत म्हणून दातांवर येतात. ब्रिटनमध्ये यावर कायद्याने बंदी आहे. अमेरिकेत अनेक वर्षं हे ऑपरेशन सर्रास होत असे, पण 2019 मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्यावर बंदी घातली. मी ते करत नाही, असं त्या दोघांना सांगितलं.

पण नुसतं ‘नाही’ म्हणून त्यांना परत पाठवलं असतं, तर ते मांजर बहुधा मंडईत सोडलं गेलं असतं. म्हणून त्यांना कात्री दाखवली, आत्ता सांगितलं तेच सगळं सांगितलं. शिवाय एक खांब करायला सांगितला. जाड लाकडी ओंडका, मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं जाईल एवढा उंच, म्हणजे साधारण तीन फूट. त्याला सुंभ घट्ट गुंडाळायचा किंवा गोणपाट ठोकायचं. बुडाशी फळी अशी, की मांजराने लोंबकळलं तरी तो हलू नये. डुगडुगणाऱ्या खांबाला मांजर एकदा हात लावतं, पुन्हा नाही. आणि तो अडगळीत न ठेवता, सोफ्याच्या ज्या कोपऱ्यावर त्याचा राग आहे त्याच्या शेजारी ठेवायचा. बाळाच्या पाळण्यापाशी मांजराला एकटं सोडायचं नाही, हेही बजावलं. नखं कापली म्हणजे पंजा निर्धोक झाला असं नव्हे. धार कमी होते, लक्ष ठेवायची जबाबदारी कमी होत नाही.

वर्षभराने ते लसीसाठी पुन्हा आले. मांजर घरातच होतं. नखं कोण कापतं, विचारलं, तर सूनबाई हसल्या. म्हणाल्या, “सासूबाई. आम्हा दोघांना ते हात लावू देत नाही.”

मनीच्या आजींचंही सांगायचं राहिलं. त्यांना बारीक दिसत नाही, आजोबांचा हात कापतो. मग त्यांनी शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी गाठली. ती दर पंधरा दिवसांनी येऊन कात्री चालवायची, आजी घास भरवायच्या आणि आजोबा बॅटरी धरायचे. मनी पुढे आणखी तीन वर्षं होती. पुन्हा लंगडली नाही.

तेव्हा आज संध्याकाळी तुमचं मांजर मांडीवर येऊन बसेल, तेव्हा कात्री शोधू नका. फक्त त्याचा एक पंजा हातात घ्या, आणि आतल्या बाजूचं, केसांत लपलेलं ते नख कुठवर आलंय ते बघा. मग पंजा सोडा आणि एक घास द्या. पहिल्या दिवसाचं काम एवढंच आहे.